परिचर्येपासून लोककारणापर्यंत : अवंतिकाबाई गोखले

महात्मा गांधींच्या आत्मकथेतील चंपारणविषयक प्रकरणांत मुंबईहून आलेल्या एका मराठी स्त्रीचा उल्लेख येतो. अवंतिकाबाई गोखले यांची शाळा नमुनेदार ठरली आणि त्यांनी त्या कामात आपला सारा जीव ओतला, असे गांधीजी कृतज्ञतेने नोंदवतात आणि पुढच्या विषयाकडे वळतात. बहुतेक वाचकांचा अवंतिकाबाईंशी असलेला परिचय तेथेच संपतो. वाङ्मयेतिहासाच्या अभ्यासकाला त्यांची आणखी एक ओळख असते : १९१८ साली प्रसिद्ध झालेल्या आणि लोकमान्य टिळकांची प्रस्तावना लाभलेल्या मराठी गांधीचरित्राच्या त्या लेखिका. मुंबई शहराचा इतिहास लिहिणाऱ्यांना त्या १९२३ मध्ये महापालिकेत प्रथमच प्रवेश करणाऱ्या चार स्त्रियांपैकी एक म्हणून ठाऊक असतात, तर स्वातंत्र्यलढ्याच्या अभ्यासकांना मिठाच्या सत्याग्रहातील एक सत्याग्रही म्हणून. हे चार उल्लेख चार निरनिराळ्या ग्रंथांच्या सूचींत विखुरलेले आहेत आणि ते एकत्र आणून पाहण्याचा प्रयत्न क्वचितच झालेला आहे. तसे पाहू लागले म्हणजे या चार भूमिकांना जोडणारे सूत्र कोणते, असा प्रश्न उभा राहतो. ‘देशसेवा’ हे त्याचे उत्तर तयारच असते. परंतु ते इतके व्यापक आहे की त्याने काहीच उलगडत नाही. अवंतिकाबाईंच्या सार्वजनिक जीवनाचे सूत्र याहून साध्या आणि त्या काळी कमी प्रतिष्ठेच्या एका व्यवसायात शोधावे लागते. तो व्यवसाय परिचारिकेचा होय.

अवंतिकाबाईंचा जन्म १८८२ साली इंदूरच्या जोशी घराण्यात झाला. वयाच्या नवव्या वर्षी त्यांचा विवाह बबनराव गोखले यांच्याशी झाला. बबनराव पुढे युरोपात जाऊन अभियांत्रिकी शिकून आले. त्या काळच्या मध्यमवर्गीय घरांत पती विलायतेस गेल्यावर पत्नीने सासरी वा माहेरी वाट पाहत बसावे, हीच रीत होती. विवाहापूर्वी शाळेचे तोंड फारसे न पाहिलेल्या अवंतिकाबाई वाचायला-लिहायला शिकल्या त्या विवाहानंतर, आणि पुढे त्यांनी परिचर्येचे व सुईणपणाचे रीतसर शिक्षण घेतले.

या निवडीचे महत्त्व आज सहज ध्यानात येत नाही. डॉ. आनंदीबाई जोशी १८८६ मध्ये अमेरिकेतून वैद्यकीय पदवी घेऊन परतल्या, तेव्हा महाराष्ट्राने त्यांचे कौतुक केले. विदुषी आणि वैद्या या दोन्ही पदव्यांना विद्येचे वलय होते. परिचारिकेच्या कामास असे कोणतेही वलय नव्हते. बाळंतिणीची खोली ही घरातील सर्वांत अंधारी आणि विटाळाची जागा होती. प्रसूती हे परंपरेने खालच्या मानलेल्या जातींतील सुइणींकडे सोपविलेले काम होते; रक्त, मळ आणि मृत्यू यांना हात लावणारी माणसे सोवळ्याच्या रेषेपलीकडची समजली जात. ब्राह्मण घरातील विवाहित स्त्रीने ती रेषा व्यवसाय म्हणून ओलांडावी, हे पुस्तकी सुधारणेपेक्षा अवघड होते. रमाबाई रानडे यांनी पुण्यात १९०९ साली सेवासदन उभे केले आणि तेथून मुलींना परिचर्येच्या शिक्षणासाठी पाठविण्याचा उपक्रम सुरू झाला, तेव्हा कुठे या कामाला पांढरपेशा समाजात हळूहळू मान मिळू लागला. अवंतिकाबाईंची वाट या बदलाच्या आरंभकाळातली होती.

या शिक्षणाने त्यांना दोन गोष्टी दिल्या असे म्हणता येईल. पहिली म्हणजे देहाच्या दुःखाकडे दयेने किंवा किळसेने न पाहता व्यवस्थेने पाहण्याची सवय. दुसरी म्हणजे परक्या घराच्या आतल्या खोलीपर्यंत जाण्याचा अधिकार. व्यासपीठावरील वक्त्याला हा अधिकार कधीच मिळत नाही. पुढे १९१३ मध्ये इचलकरंजीच्या राणीसाहेबांच्या सोबतीने त्या इंग्लंडला गेल्या. तो काळ तेथील स्त्रियांच्या मताधिकाराच्या चळवळीच्या ऐन भराचा होता. स्त्रियांच्या संस्था कशा चालतात, नगरपालिका सार्वजनिक आरोग्याची व्यवस्था कशी लावतात, हे जवळून पाहण्याची संधी या प्रवासाने त्यांना दिली.

चंपारणची हाक आली तेव्हा त्या पस्तिशीत होत्या. उत्तर बिहारमधील या जिल्ह्यात निळीच्या मळेवाल्यांनी ‘तीनकठिया’ नावाची पद्धत लादली होती. दर बिघ्यातील वीस कठ्ठ्यांपैकी तीन कठ्ठ्यांत कुळाने मळेवाल्यासाठी नीळ पिकवलीच पाहिजे, असा तिचा दंडक होता. एप्रिल १९१७ मध्ये गांधीजी मोतीहारीस पोहोचले. जिल्हा सोडून जाण्याचा हुकूम त्यांनी मोडला आणि सरकारला चौकशी समिती नेमणे भाग पडले. १९१८ मध्ये कायदा होऊन तीनकठिया रद्द झाली. हा इतिहास सर्वपरिचित आहे. त्याचा दुसरा अर्धा भाग तितका परिचित नाही. रयतेच्या जबान्या घेत असतानाच गांधीजींच्या ध्यानात आले होते की निळीचे जू उतरले तरी अज्ञान, घाण आणि रोगराई यांचे जू उतरणार नाही. पुरुष मजुराला दिवसाकाठी दहा पैशांहून अधिक, स्त्रीला सहा पैशांहून अधिक आणि मुलाला तीन पैशांहून अधिक मजुरी मिळत नव्हती, अशी नोंद त्यांनीच केली आहे. खेड्यांत शाळा काढायच्या, गावाने शिक्षकांना राहायला जागा आणि शिधा द्यायचा, बाकीची व्यवस्था कार्यकर्त्यांनी पाहायची, असा बेत ठरला.

या कामासाठी माणसे आली ती मोठ्या प्रमाणात महाराष्ट्र, कर्नाटक आणि गुजरातेतून. बेळगावहून बाबासाहेब सोमण आणि पुंडलिक आले, पुण्याहून आनंदीबाई वैशंपायन आल्या, भारत सेवक समाजाचे डॉ. देव आले. मुंबईहून बबनराव आणि अवंतिकाबाई हे गोखले दांपत्य आले. १३ नोव्हेंबर १९१७ रोजी बडहरवा लखनसेन येथे पहिली शाळा उघडली आणि ती गोखले दांपत्याकडे सोपविण्यात आली. देवदास गांधी त्यांच्या मदतीला होते. त्याच महिन्यात भितिहरवा येथे आणि पुढच्या जानेवारीत मधुबन येथे शाळा सुरू झाल्या.

येथे एक अडचण होती आणि गांधीजींनी ती लपवलेली नाही. शिकविण्यासाठी आलेल्या स्त्रियांची भाषा मराठी किंवा गुजराती होती. मुलांची बोली भोजपुरी. अवंतिकाबाई आणि आनंदीबाई यांचे मराठी शिक्षण बरे झालेले होते, इतरांना अक्षरओळखीपलीकडे फारसे येत नव्हते. त्यावर गांधीजींचा तोडगा असा की व्याकरण आणि अंकगणित यांपेक्षा स्वच्छता आणि चांगल्या सवयी शिकवाव्यात. शाळेसोबत औषधोपचारही होता, पण औषधे तीनच : एरंडेल, क्विनीन आणि गंधकाचे मलम. मलावरोधाला एरंडेल, हिवतापाला क्विनीन, खरजेला मलम. अधिक गुंतागुंतीचा रोगी असेल तर डॉ. देवांचा सल्ला घ्यायचा. शाळा आणि दवाखाना यांच्यामधली भिंत येथे जवळजवळ नाहीशी झालेली होती. अशा ठिकाणी प्रशिक्षित परिचारिका ही केवळ शिक्षिकेहून अधिक मोलाची ठरते, आणि अवंतिकाबाईंची शाळा नमुनेदार का झाली याचे उत्तर या जुळणीत दडलेले असावे. नखे, केस, डोळे, खरूज यांकडे पाहणारी शिक्षिका मुलाच्या मागोमाग त्याच्या घरापर्यंत पोहोचते. या स्त्रियांमुळेच आपल्याला गावातील स्त्रियांपर्यंत जाता आले, असे गांधीजींनी म्हटले आहे.

परंतु याच अनुभवाने परिचर्येची मर्यादाही दाखवून दिली. भितिहरव्याजवळच्या एका खेड्यात काही स्त्रियांची वस्त्रे अतिशय मळलेली दिसली, म्हणून त्या ती धुवून का बदलत नाहीत, असे विचारण्याचे काम गांधीजींनी कस्तुरबांना सांगितले. त्यांपैकी एका स्त्रीने कस्तुरबांना आपल्या झोपडीत नेले आणि दाखविले की तेथे दुसरे लुगडे ठेवलेली पेटी किंवा कपाट नाही. अंगावर आहे तेवढे एकच लुगडे आहे. गांधीजींच्या लेखनातील हा प्रसंग पुष्कळदा करुणेचे उदाहरण म्हणून सांगितला जातो. वस्तुतः तो एका विचारपद्धतीचा पराभव आहे. स्वच्छता हा सवयीचा प्रश्न आहे असे मानणाऱ्या शिक्षिकेला त्या स्त्रीने एका वाक्यात सांगितले की तो दुसऱ्या लुगड्याचा प्रश्न आहे. येथून पुढे आरोग्य हे नीतिशिक्षणाचे अंग राहत नाही, ते अर्थकारणाचे आणि म्हणून राजकारणाचे अंग होते.

दुसरी मर्यादा काळाची होती. बाहेरून आलेले स्वयंसेवक काही महिन्यांच्या बोलीने आलेले होते. ते परतले, गांधीजींना खेडा आणि अहमदाबाद येथील लढ्यांनी ओढून नेले आणि चंपारणचे रचनात्मक काम कायमच्या पायावर उभे करण्याची इच्छा अपुरी राहिली, याची खंत आत्मकथेत व्यक्त झालेली आहे. सेवेला संस्थेचा आणि निधीचा आधार नसेल तर सेवक गेला की सेवा संपते. अवंतिकाबाईंच्या पुढच्या आयुष्याकडे या दोन मर्यादांच्या प्रकाशात पाहिले तर त्याला आपोआप एक आकार येऊ लागतो.

चंपारणहून परतल्यावर लगेच, १९१८ साली, त्यांनी दोन कामे केली. पहिले गांधीचरित्राचे. या पुस्तकाचे महत्त्व त्याच्या कालात आहे. रौलट कायद्याविरुद्धचा सत्याग्रह आणि असहकार अजून व्हायचे होते. गांधीजी राष्ट्राचे नेते झाल्यावर त्यांच्यावर ग्रंथांचा पाऊस पडला, पण १९१८ मध्ये मराठी वाचकाला ते दक्षिण आफ्रिकेतून आलेले, काहीसे विक्षिप्त वाटणारे पुढारी होते. त्या वेळी अवंतिकाबाईंनी त्यांचे चरित्र, लेख आणि व्याख्याने मराठीत आणली. मराठीतील स्त्रीलिखित चरित्रपर वाङ्मयाच्या परंपरेतही या ग्रंथाचे स्थान वेगळे आहे. काशीबाई कानिटकरांनी आनंदीबाई जोशींचे चरित्र लिहिले, रमाबाई रानड्यांनी १९१० मध्ये पतीच्या सहवासाच्या आठवणी लिहिल्या. एकीचा विषय मराठी स्त्री होता, दुसरीचा घरातील पुरुष. अवंतिकाबाईंनी मात्र हयात असलेल्या, नात्यातल्या नसलेल्या, परप्रांतीय राजकीय पुरुषाचे चरित्र लिहावयास घेतले आणि ज्याच्या हाताखाली काम केले त्याच्याविषयी लिहिण्याचा अधिकार त्या कामाच्या बळावर मिळवला.

त्याला टिळकांची प्रस्तावना असणे हीदेखील अर्थपूर्ण घटना होय. दोघांच्या राजकारणाच्या कल्पना भिन्न होत्या. राजकारण हा साधूंचा नव्हे, संसारी माणसांचा खेळ आहे, या टिळकांच्या भूमिकेवर आणि ‘शठं प्रति शाठ्यम्’ या न्यायावर १९२० च्या आरंभी ‘यंग इंडिया’च्या पानांतून उभयतांचा जाहीर मतभेद झाला. टिळकांच्या मृत्यूनंतर महाराष्ट्रातील त्यांचे बरेच अनुयायी गांधीजींपासून दूर राहिले. अवंतिकाबाईंचे कार्यक्षेत्र असलेले गिरगाव हे तर टिळकपक्षाचे माहेरघर. अशा परिसरात, टिळकांच्याच प्रस्तावनेसह, गांधीविचाराचा पहिला परिचय एका स्त्रीने करून द्यावा, हे महाराष्ट्राच्या वैचारिक इतिहासातील एक दुर्लक्षित पान आहे.

दुसरे काम हिंद महिला समाजाच्या स्थापनेचे. गिरगावातील मध्यमवर्गीय स्त्रियांना एकत्र आणणे, त्यांना शिक्षण आणि हस्तव्यवसाय देणे, पुढे चरखा आणि खादी यांचा प्रसार करणे, असे या संस्थेचे स्वरूप होते. स्वतः कातलेल्या सुताचे धोतर गांधीजींना त्यांच्या वाढदिवशी भेट देण्याचा अवंतिकाबाईंचा परिपाठ प्रसिद्ध आहे. ही संस्था त्यांनी दीर्घकाळ सांभाळली. चंपारणमध्ये जे साधले नव्हते, ते सातत्य येथे साधले.

तरीही स्वयंसेवी संस्थेची पोच मर्यादितच असते. मुंबईसारख्या शहरात नळ, गटार, प्रसूतिगृह आणि प्राथमिक शाळा या गोष्टी एकाच सत्तेच्या हाती होत्या आणि ती म्हणजे महापालिका. १९२२ च्या कायद्याने दरमहा दहा रुपये घरभाडे भरणाऱ्यांपर्यंत मताधिकार आला आणि मालमत्ताधारक करदात्यांची मक्तेदारी सैल झाली. १९२३ मध्ये सरोजिनी नायडू, बच्चूबाई लोटवाला, श्रीमती हॉजकिन्सन आणि अवंतिकाबाई गोखले या चार स्त्रिया महापालिकेत आल्या. विठ्ठलभाई पटेल यांच्या नेतृत्वाखालील राष्ट्रीय पक्षाने त्याच सुमारास तेथे आपले बळ दाखविण्यास आरंभ केला होता.

त्या वेळच्या मुंबईचे चित्र डोळ्यांसमोर आणले पाहिजे. १९२१ मध्ये शहरातील बालमृत्यूंचे प्रमाण नोंदलेल्या दर हजार जन्मांमागे सहाशेंच्या वर गेले होते. अनेक स्त्रिया बाळंतपणासाठी कोकणात किंवा देशावर जात, त्यामुळे जन्माची नोंद गावी आणि मृत्यूची मुंबईत होई, हे गृहीत धरले तरी तो आकडा भयंकरच होता. १९२२-२३ मध्ये डॉ. फ्लॉरेन्स बार्न्स यांनी गिरणीकामगार स्त्रियांच्या प्रसूतीच्या स्थितीची पाहणी केली. प्रसूतिसाहाय्याचा कायदा मुंबई इलाख्यात झाला तो १९२९ मध्ये. १९२५ मध्ये शहराच्या दोन विभागांत सक्तीचे प्राथमिक शिक्षण सुरू झाले आणि १९२६ मध्ये परळचे के. ई. एम. रुग्णालय उघडले. स्त्रिया आणि मुले यांच्या आरोग्याचा व शिक्षणाचा प्रश्न हेच अवंतिकाबाईंचे महापालिकेतील कार्यक्षेत्र राहिले.

सभागृहात बसलेल्या वकील, व्यापारी आणि जमीनदार सदस्यांना चाळीतील बाळंतिणीची खोली अहवालातून कळत होती; अवंतिकाबाईंना ती हातांनी कळलेली होती. प्रतिनिधित्वाचा अर्थ एरवी संख्येच्या भाषेत सांगितला जातो. या उदाहरणात तो ज्ञानाच्या भाषेत सांगावा लागतो. एक विशिष्ट प्रकारचे ज्ञान, जे तोवर मोलकरणी, सुइणी आणि घरातल्या म्हाताऱ्या यांच्यापाशीच होते, ते प्रथमच ठराव आणि अंदाजपत्रक यांच्या टेबलापाशी आले. चंपारणमध्ये तीन औषधांची जी पेटी स्वयंसेवकाबरोबर येत-जात होती, तिची जागा येथे कराच्या पैशातून चालणारा दवाखाना घेऊ शकत होता. सेवकाच्या जाण्याने तो बंद पडणार नव्हता.

हे सारे परकीय सत्तेच्या चौकटीतच चालले होते, ही त्यातली खोच. एप्रिल १९३० मध्ये मिठाचा सत्याग्रह सुरू झाला. दांडीयात्रेत गांधीजींनी स्त्रियांना घेतले नव्हते आणि त्याविरुद्ध स्त्रियांनी तक्रार केली होती. कमलादेवी चट्टोपाध्याय त्यांत अग्रभागी होत्या. मुंबईच्या समुद्रकिनारी मीठ तयार करण्यासाठी सात जणांची जी पहिली तुकडी ठरली, तीत दोनच स्त्रिया होत्या : सत्तावीस वर्षांच्या कमलादेवी आणि पन्नाशीच्या उंबरठ्यावर आलेल्या अवंतिकाबाई. या चळवळीत त्यांना तुरुंगवासही घडला.

ज्या स्त्रीने महापालिकेत नियमांच्या चौकटीत राहून काम केले, तिने किनाऱ्यावर उघडपणे कायदा मोडावा, यात विसंगती दिसण्याचा संभव आहे. परंतु मीठ हा पदार्थच असा आहे की तो स्वयंपाकघर आणि सरकारी तिजोरी यांना जोडतो. जी बाई दुसऱ्या लुगड्याचा प्रश्न पाहून आली होती, तिला मिठावरचा कर हा स्वराज्याच्या प्रश्नाचेच एक रूप वाटणे स्वाभाविक होते. शहराची गटारे दुरुस्त करता येतील, पण देशाच्या अंदाजपत्रकावर हक्क नाही, हे वास्तव महापालिकेतील प्रत्येक राष्ट्रीय सदस्याला डाचत होते. स्थानिक कारभार आणि राष्ट्रीय लढा या दोन पायऱ्या नसून एकाच कामाची दोन अंगे आहेत, हे अवंतिकाबाईंच्या चरित्रातून जितके स्पष्ट होते तितके थोड्यांच्या चरित्रातून होते. देश स्वतंत्र झालेला पाहून १९४९ मध्ये त्यांचे निधन झाले.

त्यांचे विस्मरण का झाले, याचा विचार करताना केवळ समाजाच्या कृतघ्नतेकडे बोट दाखविणे पुरेसे नाही. त्याचे एक कारण आपल्या इतिहासलेखनाच्या सवयीत आहे. राजकारण म्हणजे सिद्धान्त, पक्ष आणि वक्तृत्व, अशी आपली समजूत असल्यामुळे परिचर्या, शिकविणे आणि स्वच्छता ही कामे ‘समाजकार्य’ या खान्यात टाकली जातात आणि ती करणाऱ्या स्त्रियांना नेत्याच्या अनुयायी म्हणून नोंदविले जाते. दुसरे कारण अधिक अवघड आहे. अवंतिकाबाईंच्या पिढीतील उच्चवर्णीय कार्यकर्त्या स्वच्छतेचा पाठ देत होत्या, तेव्हा शहराचा मैला प्रत्यक्ष वाहून नेणाऱ्या जातींचा प्रश्न त्यांच्या चौकटीत पुरेसा आलेला नव्हता. ही मर्यादा मान्य केल्यावाचून त्यांच्या कार्याचे मूल्यमापन पूर्ण होत नाही. ती मान्य केल्याने त्या कार्याची किंमत मात्र कमी होत नाही.

पुढच्या काळात हा मार्ग पुन्हा पुन्हा चालला गेला. वैद्यकीय शिक्षण अर्धवट सोडून राष्ट्र सेवा दलात आलेल्या मृणाल गोरे गोरेगावच्या स्थानिक कारभारातून १९६१ मध्ये महापालिकेत, १९७२ मध्ये विधानसभेत आणि १९७७ मध्ये लोकसभेत पोहोचल्या. त्यांचे राजकारण पाण्याच्या नळापासून सुरू झाले आणि लोकांनी त्यांना ‘पाणीवाली बाई’ म्हटले. १९९२ साली संमत झालेल्या घटनादुरुस्त्यांनी स्थानिक स्वराज्य संस्थांत स्त्रियांना एकतृतीयांश जागा दिल्या आणि २०११ मध्ये महाराष्ट्राने हे प्रमाण निम्म्यावर नेले. २०१९ मध्ये मुंबईच्या महापौरपदी आलेल्या किशोरी पेडणेकर या पूर्वाश्रमीच्या परिचारिका. एप्रिल २०२० मध्ये करोनाच्या साथीत त्या परिचारिकेचा गणवेश चढवून महापालिकेच्या नायर रुग्णालयात गेल्या, तेव्हा त्या कृतीची दाद दिली गेली, तशीच टीकाही झाली. महापौराने गणवेश घालावा की नाही, हा वादाचा विषय होऊ शकतो. पण रुग्णशय्येपाशी मिळालेले ज्ञान सत्तेच्या आसनापर्यंत येते, ही गोष्ट त्या वेळी कोणालाच नवल वाटण्याजोगी राहिलेली नव्हती.

१९२३ साली ती नवलाची होती. बडहरव्याच्या शाळेत मुलांची नखे तपासणारी, मराठी वाचकाला गांधी समजावून सांगणारी, महापालिकेत बाळंतिणींची बाजू मांडणारी आणि समुद्रकिनारी मीठ शिजविणारी ही चार माणसे नसून एकच स्त्री होती. चार सूचींतील त्या चार नोंदी एका ओळीत आल्या म्हणजे त्यांतून केवळ एका व्यक्तीचे चरित्र उभे राहत नाही. महाराष्ट्रातील स्त्रियांच्या राजकारणाचा आरंभ कोठून झाला, याची जागाही बदलते. तो आरंभ व्यासपीठापाशी शोधण्याची आपल्याला सवय आहे. अवंतिकाबाई गोखले यांचे जीवन त्याचा शोध बाळंतिणीच्या खोलीपासून घ्यावयास सांगते.